दगडाच्या फटीतला कोल्होबा

मला तळहातावर घेतलंत, तर तुम्हाला वाटेल स्वयंपाकघरातून लसणाची एखादी जाड पाकळी घरंगळत आली असेल. एवढाच माझा जीव. रंग मळकट पांढरा, वर कोंब फुटायची जागा, खाली केसांसारखी मुळं. पण मित्रांनो, मी लसूण नाही. उंच डोंगरांवरच्या एका दुर्मीळ फुलाचा मी म्हातारा कंद आहे. चेक देशातल्या ल्होत्का नावाच्या गावात, टेकडीच्या उतारावर, दोन उभ्या दगडांमधल्या फटीत माझा मुक्काम असतो. कंदाला कान कुठून आले, असं तुम्ही विचाराल. पण दगडावर बसून कुणी बोललं, की ते बोलणं दगडातून झिरपत खाली येतं. कितीतरी वर्षं मी असाच ऐकत आलो आहे.

माझं बी फार लांबून आलं. ओताकार नावाचा एक तरुण इंजिनिअर मित्रांबरोबर कॉकेशसच्या डोंगरात भटकायला गेला होता. बर्फ नुकताच वितळलेल्या उतारावर त्याला एक सुकलेलं बोंड दिसलं. त्याने झाड उपटलं नाही. बोंडातलं चिमूटभर बी काडेपेटीत घेतलं आणि बाकीचं तिथेच वाऱ्यावर सोडून दिलं. तो डोंगर मी कधी पाहिला नाही. तरीही बर्फाचं पांघरूण वर पडलं, की मला कुणीतरी आपल्या घरचं आल्यासारखं वाटतं.

घरी आल्यावर ओताकारने मातीच्या कुंडीत खडी आणि वाळू घालून आम्हाला पेरलं आणि ती कुंडी ऐन थंडीत अंगणात, बर्फाखाली ठेवून दिली. त्याची बायको मिलादा डोक्याला हात लावून म्हणाली, "लोक थंडीत कुंड्या आत घेतात, हा बाहेर काढतो! हे लग्नाआधी सांगितलं असतंस, तर मी जरा विचार केला असता."

"म्हणूनच नाही सांगितलं," ओताकार म्हणाला.

थंडी सोसल्याशिवाय आमच्यासारख्यांना जाग येत नाही, हे त्याला माहीत होतं. आम्हाला जाग आली. पण फूल धरायला मला अनेक वर्षं लागली. तोवर ओताकारने आमच्यासाठी घर बांधायला घेतलं.

ते घर म्हणजे खडकबाग. आमच्या देशात माणसं अशा बागांसाठी अगदी वेडी होतात. जुन्या खाणीतून त्याने चपट्या दगडांच्या लाद्या आणल्या आणि कपाटात पुस्तकं लावावीत तशा त्या एकमेकींना खेटून उभ्या पुरल्या. मधल्या अरुंद फटींमध्ये तो वाळू ओतायचा, काठीने दाबायचा, पुन्हा ओतायचा. अशा फटीत पाणी साचत नाही आणि मुळांना खोलवर गारवा मिळतो. शेजारचा माणूस कुंपणावर कोपरं टेकून म्हणायचा, "ओताकार, स्वतःचं थडगं आतापासूनच बांधतोयस का? जरा लांबी वाढव, पाय बाहेर राहतील!"

त्या फटींमध्ये त्याने आम्हा भावंडांना लावलं. एक बहीण मात्र आमच्याबरोबर राहिली नाही. खडकबागवाल्यांच्या मंडळात एक रीत आहे. दुर्मीळ रोप एकट्याच्या बागेत ठेवायचं नाही. दुसऱ्या कुणाला तरी द्यायचंच, म्हणजे एका घरी मेलं तरी दुसऱ्या घरी जगेल. त्या रितीप्रमाणे माझी बहीण खाली नदीकाठच्या गावात राहणाऱ्या व्लास्ताबाईंकडे गेली. त्यांचं औषधांचं दुकान होतं आणि ओताकारशी त्यांची जुनी मैत्री होती.

मग एका वसंतात मी फुललो. माझं फूल म्हणजे खाली मान घातलेली एक छोटी घंटा. बाहेरून चॉकलेटी, त्यावर फिकट चौकटी, आतून पिवळसर हिरवी. ती बघायला मंडळाची माणसं रविवारी गाडीतून आली. मित्रांनो, तुम्ही मोठ्या माणसांना असं कधी पाहिलं नसेल. चांगले कोट घातलेले, टक्कल पडलेले, चष्मा लावलेले लोक ओल्या गवतात पालथे झोपले आणि भिंग लावून माझ्या घंटेच्या आत डोकावू लागले. माझ्या फुलाला कोल्ह्याच्या बिळासारखा उग्र दर्प येतो. एकाने नाक जवळ नेलं आणि शिंकत मागे सरकला. सगळे हसले. त्या दिवसापासून ओताकार मला कोल्होबा म्हणू लागला. माझं खरं लॅटिन नाव इतकं लांब आहे, की ते म्हणेपर्यंत फूल कोमेजेल.

ते दिवस कौतुकाचे होते. भावंडं आजूबाजूला फुलायची, भुंगे एकाकडून दुसऱ्याकडे परागकण न्यायचे, बी धरायचं. काळजी कसली ती ठाऊक नव्हती. ओताकार ते बी मुठीमुठीने वाटून टाकायचा. कुणाकडे उगवलं, कुणाकडे सडलं. शेवटी तग धरून राहिलो ते आम्ही आणि व्लास्ताबाईंकडची बहीण.

आणि मग तो हिवाळा आला. बर्फ जाड होता, त्यामुळे बर्फाखाली रानउंदरांना मोकळं रान मिळालं. त्यांनी बोगदे केले आणि माझी भावंडं एकेक करून कुरतडून खाल्ली. मला ऐकू येत होतं. मी वाचलो तो केवळ माझी फट उंदराच्या तोंडापेक्षा अरुंद होती म्हणून.

मित्रांनो, इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, कारण माझ्या पुढच्या सगळ्या कहाणीचं मूळ तीच आहे. आमच्या जातीत स्वतःच्या परागाने बी धरत नाही. दुसऱ्या कंदाचा पराग लागतो. मी एकटा उरलो, म्हणजे मी कितीही फुललो तरी माझ्यामागे कुणी उरणार नव्हतं. दरवर्षी माझी घंटा फुलायची, काही दिवस डुलायची आणि तशीच मान खाली घालून वाळून जायची.

उपाय होता. खालच्या गावात माझी बहीण होती. पण उंदरांच्या त्या हिवाळ्यानंतर लगेचच्या वसंतात तालुक्याच्या गावी मंडळाचं प्रदर्शन भरलं. व्लास्ताबाईंनी माझ्या बहिणीला काचघरात, कुंडीत वाढवलं होतं आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. भावंडं गमावून बसलेल्या ओताकारला ते बघवलं नाही. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "कुंडीतल्या कंदाला डोंगरी फूल म्हणून बक्षीस? उद्या पिंजऱ्यातल्या पोपटाला उडण्याचं द्या!"

व्लास्ताबाई शांतपणे म्हणाल्या, "माझा पोपट निदान जिवंत आहे, इंजिनिअरसाहेब. तुमचे गरुड उंदरांच्या पोटात गेले. तिथे बक्षीस नेऊन देऊ का?"

हे मला मिलादाबाईंच्या तोंडून कळलं. त्या दगडावर बसून रडवेल्या आवाजात म्हणत होत्या, "अरे, ज्या बाईकडे आपण दर नाताळात मासे खायला जायचो, तिला तू 'तुम्ही' म्हणायला लागलास?" पण ओताकार ऐकणाऱ्यातला नव्हता. दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच. पुढे मिलादाबाई गेल्या. ओताकारचे केस पिकले. आणि मी दरवर्षी थोडा थोडा बारीक होत गेलो.

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला ओताकार आजोबा चेरी काढायला शिडीवर चढले आणि फांदीसकट खाली आले. कमरेचं हाड मोडलं. त्यांना नेणारी गाडी दारात उभी असताना ते स्ट्रेचरवरून ओरडत होते, "यित्का, दगडांकडे लक्ष ठेव! कोल्होबाकडे लक्ष ठेव!"

यित्का ही त्यांची नात. नवरा रोमान जर्मनीत मालाचे ट्रक चालवायचा, म्हणून ती लहानग्या अनेश्काला घेऊन आजोबांच्या घरी राहायला आली होती. अनेश्का वेळेआधी जन्मली होती, कित्येक आठवडे काचेच्या पेटीत होती. आता ती दोन वर्षांची गुटगुटीत मुलगी झाली होती, पण यित्काचा जीव अजून त्या पेटीपाशीच होता. दुपारी लेक बागेत चटईवर झोपली, की यित्का पुन्हा पुन्हा वाकून तिच्या नाकाखाली बोट धरायची. श्वास लागला की सरळ व्हायची. जरा वेळाने पुन्हा वाकायची. मला दगडातून तिची ती ये-जा कळायची.

अशा बाईला कुणी 'लक्ष ठेव' म्हणून सांगितलं, तर काय होईल? ती रोज झारी घेऊन येऊ लागली.

आता बघा, डोंगरात उन्हाळा कोरडा असतो. पान पिवळं पडलं, की आम्ही जमिनीखाली झोपून जातो. उन्हाळाभर आम्हाला थेंबभरसुद्धा पाणी नको असतं. माझं पान नेहमीप्रमाणे वाळलं आणि नाहीसं झालं. यित्काने ते पाहिलं आणि तिला एकच वाटलं. कोल्होबा मेला! आपल्या हातून मेला! म्हणून तिने झारी दुप्पट भरली. मी झोपेत बुडत होतो. अंगाला गारढोण चिकचिक झाली, एका बाजूने मला बुरशी लागली आणि मला सांगता येईना की बाई ग, थांब.

श्रावणासारखी दोन दिवस संततधार लागली, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. तिने चमच्याने वाळू उकरली आणि मला वर काढलं. माझ्या अंगावरचा तपकिरी डाग पाहून ती तिथेच खाली बसली आणि तिने दवाखान्यात फोन लावला. आजोबांचा आवाज फोनमधून मला दगडात असल्यासारखा स्वच्छ ऐकू आला.

"पाणी घातलंस? उन्हाळ्यात? अग, झोपलेल्याच्या तोंडात कुणी पाणी ओततं का?"

"तुम्हीच म्हणालात लक्ष ठेव!"

"लक्ष ठेव म्हटलं, आंघोळ घाल नाही म्हटलं!"

"आजोबा, ओरडू नका. आधी सांगा, काय करू?"

मग आजोबा हळू आवाजात म्हणाले, "डाग कापून काढ. ब्लेडने. घाबरू नकोस, त्याला त्याची सवय नाही पण तो सोसेल. कापलेल्या जागी कोळशाची पूड लाव. सावलीत वाळव. आणि परत त्याच फटीत ठेवून दे. मग विसरून जा."

विसरून जाणं सोडून बाकी सगळं यित्काने नीट केलं. माझा एक मोठा तुकडा गेला. उरलेला मी पुन्हा फटीत, कोरड्या वाळूत झोपलो. वरून पाऊस लागू नये म्हणून तिने जुन्या खिडकीची काच दगडांवर तिरपी टेकवली. ते मात्र तिने फार शहाणपणाचं केलं.

पानगळीत आजोबा दोन कुबड्यांवर घरी आले. उतार चढणं त्यांना शक्य नव्हतं. ते खालच्या बाकावर, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसायचे आणि तिथून हुकूम सोडायचे. हिवाळा सरत आला तसा यित्काचा धीर सुटायला लागला. एके सकाळी आजोबा आत गरम पेय पीत बसले असताना ती गुपचूप वर आली आणि तिने बोटाने माझ्यावरची खडी बाजूला सारली. कोंब दिसला. फिकट, टोकदार, जिवंत. तिला इतका आनंद झाला, की खडी नीट परत पसरायची ती विसरली. दुसऱ्या दिवशी कडाक्याचा गारठा पडला आणि उघड्या पडलेल्या माझ्या कोंबाचं टोक करपलं. कोंबात दोन कळ्या होत्या. एक गेली.

वसंतात मी वर आलो तो एकाच कळीसह, अर्ध्या उंचीचा. त्या दिवशी आजोबांनी हट्ट धरला. एका बाजूला कुबडी, दुसऱ्या बाजूला यित्का, असे ते उतार चढून वर आले आणि शेजारच्या दगडावर टेकले. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"हा थकलाय," ते म्हणाले. "अर्धा कापलेला कंद, त्यात पान एवढंसं. पुढच्या वर्षी फूल येईलसं वाटत नाही. कदाचित तो स्वतःही उगवणार नाही."

यित्का म्हणाली, "म्हणजे बी धरायचं तर यंदाच."

"बी कसं धरेल? एकटा आहे तो."

"एकटा कुठे? खालच्या गावात व्लास्ता आजींकडे आहे ना त्याची बहीण."

"त्या बाईचं नाव काढू नकोस."

"का?"

"तिने माझा भर सभेत अपमान केलाय."

"आणि तुम्ही?"

"मी खरं बोललो!"

"आजोबा, तुम्हाला मरेपर्यंत रुसून बसायचं असेल तर खुशाल बसा. पण कोल्होबाला कशाला बरोबर नेताय?" यित्का म्हणाली. "अर्धा मी मारलाच आहे. उरलेला तुमच्या रागाने मरायला नको."

आजोबांनी कुबडीने खडीवर रेघोट्या ओढल्या. मग म्हणाले, "तिचं फूल काचघरात असतं. शिवाय गाव खाली आहे, ऊब जास्त. तिचं मार्चमध्येच फुलून गेलं असणार. आता पराग कुठला मिळायला?" हे बोलताना त्यांचा आवाज रागाचा नव्हता. दमल्यासारखा होता.

यित्काने तरीही फोन केला. तो तिने माझ्याजवळ बसूनच केला, कारण घरात आजोबा होते. "मी ओताकारांची नात," एवढं ती म्हणाली आणि मग बराच वेळ फक्त ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "हो. उघडायलाच आलीय. परवा, तेरवा. हो, एकच." आणि फोन ठेवून तिने दोन्ही हात तोंडावर धरले.

माझी घंटा उघडली त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि अधूनमधून बर्फाची भुरभुर होत होती. एप्रिलमध्ये आमच्याकडे असं होतं. फाटकाशी बस थांबली आणि एक उंच म्हातारी बाई, डोक्याला रुमाल, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी, अशी धापा टाकत उतार चढू लागली. आजोबा दगडावर बसले होते. उठून जावं तर कुबड्यांनी पळता येत नव्हतं.

"नमस्कार, इंजिनिअरसाहेब," व्लास्ताबाई म्हणाल्या.

"नमस्कार, बाई."

"कंबर कशी आहे?"

"तुमचे गुडघे कसे आहेत?"

"वाईट."

"माझी कंबरही."

झालं. एवढंच बोलणं. व्लास्ताबाईंनी पिशवीतून आधी खसखशीचा केक काढून यित्काच्या हातात दिला, मग लोण्याचा एक डबा काढला. डब्यात बर्फाचे खडे होते आणि खड्यांवर, कापसात गुंडाळलेली, औषधाची एक रिकामी पारदर्शक कॅप्सूल. तिच्या तळाशी पिवळी पूड होती. चिमटीतसुद्धा येणार नाही एवढीशी.

आजोबा पुढे वाकले. "हे काय?"

"पराग. मार्चमध्ये काढला. वाळवून, सील करून फ्रिजमध्ये ठेवला. लोण्याशेजारी."

"कशाला?"

"दरवर्षी ठेवते. पुढच्या वसंतात जुना फेकते, नवा भरते."

"अहो पण कशाला?"

"कुणीतरी मागायला येईल म्हणून."

आजोबांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण कुबडी दगडावर आपटल्याचा आवाज आला. "मग एक फोन करायचा होता!"

"तुझ्या घरी काय फोन नव्हता?" व्लास्ताबाई एकदम ओरडल्या. "मिलादाच्या अंत्यविधीला मी शेवटच्या रांगेत उभी होते. तू वळून तरी पाहिलंस?"

बर्फाची भुरभुर माझ्या घंटेच्या पाठीवर टिचत होती. शेवटी आजोबा म्हणाले, "मला वाटलं, अंत्यविधी होताच तू चालती झालीस."

"चालती होणार होते. बस चुकली." त्या नाक पुसत म्हणाल्या. "आता आधी काम करायचं की रडायचं? बर्फ वाढतोय."

पण काम करणार कोण? आजोबांना वाकता येईना, व्लास्ताबाईंना गुडघे टेकता येईनात. दोघांनी एकाच वेळी यित्काकडे पाहिलं.

"मी? नाही हं. माझ्या हातून आधीच..."

"हात स्वच्छ पुसून घे," आजोबा म्हणाले.

"मोडलं म्हणजे?"

"मोडलं तर मोडलं. तुझ्याशिवाय कुणाला जमणार आहे?"

यित्का पोटावर पालथी झोपली. अनेश्काचा चित्रं रंगवायचा सगळ्यात बारीक ब्रश तिच्या हातात होता, पण तो पुढे करायला ती धजत नव्हती. अनेश्का शेजारी उकिडवी बसली होती. तिने एकाएकी हात पुढे केला आणि माझी घंटा मुठीत धरली. मुठीतला गरमपणा मला देठापर्यंत जाणवला. जरा ओढलं असतं, तर सगळं संपलं असतं.

व्लास्ताबाईंच्या तोंडून अस्फुट आवाज निघाला. यित्का ओरडली नाही. तिने लेकीचा हात झटकलाही नाही. ती अगदी हळू म्हणाली, "वास घे बघू त्याचा."

अनेश्काने मूठ सोडली, नाक जवळ आणलं आणि तोंड वाकडं केलं. "ईऽऽ! भू भू!"

आजोबा हसले. व्लास्ताबाई हसल्या, आणि मग हसता हसता यित्काही पुढे सरकली. तिने घंटा दोन बोटांनी किंचित उचलली. ब्रशचं टोक कॅप्सूलमध्ये बुडवलं आणि माझ्या आत, मधल्या तिहेरी टोकावर टेकवलं. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. कित्येक वर्षांनी मला माझ्या बहिणीची खबर मिळाली. शेवटी व्लास्ताबाईंनी दुसरी कॅप्सूल पुढे केली आणि माझा पराग त्यात झटकून घेतला. "पुढच्या वर्षी माझ्या कुंडीसाठी," त्या म्हणाल्या.

"पिंजऱ्यातल्या पोपटासाठी," आजोबा म्हणाले.

"गप बस. केक खा."

खाली जाताना आजोबांनी यित्काला बजावलं, "आता इकडे फिरकायचं नाही. हात लावायचा नाही. फुंकर मारायची नाही. उकरायचं तर मुळीच नाही."

मित्रांनो, नंतरचे ते दिवस यित्काला किती जड गेले असतील! ती कुंपणापर्यंत यायची आणि परत फिरायची. घरातून रोज काहीतरी भाजल्याचा वास यायचा. आजोबा कुरकुरायचे, "अग, इतक्या पावांचं करायचं काय? आपण काय बेकरी उघडलीय?" पण ती वर आली नाही. माझ्या पाकळ्या सुकल्या, एकेक गळून पडल्या. वरून बघणाऱ्याला वाटलं असतं, झालं, याही वर्षी तसंच.

पण आत काहीतरी वेगळं घडत होतं. माझ्या आत ओझं आलं होतं. गोड ओझं. आमच्या जातीत एक खूण आहे. फूल फुलताना मान खाली असते, पण बी धरलं, की देठ हळूहळू वळायला लागतो. त्यात घाई नसते. एक दिवस आडवा, मग जरा तिरका. आणि एका सकाळी बोंड सरळ आभाळाकडे तोंड करून ताठ उभं राहतं.

ते सगळ्यात आधी पाहिलं अनेश्काने. फुलपाखरामागे धावत ती वर आली आणि ओरडली, "आई, कोल्होबा वर!"

यित्का धावत आली आणि दोन पावलांवर थांबली. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं. तशीच ती गवतात बसली. लेक मांडीत येऊन बसली. किती वेळ दोघी बसल्या होत्या कुणास ठाऊक. खालून आजोबांची हाक आली, "यित्का, काय झालं? मेला का तो?"

ती रडत ओरडली, "नाही आजोबा! उभा आहे!"

खालच्या बाकावरून फोनची बटणं दाबल्याचा आवाज आला आणि मग आजोबांचं, "व्लास्ता? अग, उभा आहे."

उन्हाळ्यात बोंड वाळलं आणि उकललं. आत पापुद्र्यासारख्या पातळ, चपट्या बिया एकावर एक रचलेल्या होत्या. बाकावर बसून दोघा म्हाताऱ्यांनी चिमटीने त्यांचे वाटे केले. एक वाटा व्लास्ताबाईंचा, एक खडकबागेचा आणि उरलेला मंडळातल्या ज्याला हवा त्याला. भांडणं चालूच होती. "मातीच्या कुंडीत पेर!" "तू मला शिकवू नकोस!" मला ती ऐकायला फार बरं वाटत होतं.

आता पुन्हा एक हिवाळा होऊन गेला आहे. यंदा मला फूल आलं नाही, आजोबांचा अंदाज बरोबर ठरला. एकच पान वर काढून मी शांत आहे. माझ्या अंगाला मात्र तांदळाच्या कणीएवढे तीन-चार छोटे कंद चिकटले आहेत. आणि शेजारच्या फटीत, जिथे यित्काने बी पेरलं होतं, तिथे हिरवे धागे उभे आहेत. पहिल्या वर्षी आमची लेकरं अगदी गवतासारखी दिसतात, एकेकच बारीक पान. परवा शेजारच्या बाई खुरपं घेऊन मदतीला आल्या, तेव्हा यित्का आडवी आली. "काकू, तिथे नको! ते गवत नाही, ती बाळं आहेत." काकूंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की बिचारी लाजली. पण हटली नाही.

मित्रांनो, मी फार शिकलेला नाही, आयुष्य एका फटीत काढलं. तरी जाता जाता एक मागणं मागतो. जे लहान आहे, दुर्मीळ आहे, त्याची काळजी जरूर घ्या. उंदरापासून जपा, नको त्या पाण्यापासून जपा. पण ते जिवंत आहे का हे बघायला रोज उकरू नका. आम्हाला अंधारात, एकट्याने करायची काही कामं असतात. तेवढा वेळ तुम्ही दगडावर बसा, गप्पा मारा, केक खा. आणि तुमच्याजवळ असं काही एकमेव असेल, तर ते मुठीत धरून ठेवू नका, अर्धं कुणाला तरी देऊन टाका. ज्याच्याशी भांडलात त्यालाच दिलंत, तर फारच चांगलं.

आज सकाळी पाऊस पडून गेला. यित्का वर आली, हिरव्या धाग्यांसमोर उकिडवी बसली. अनेश्काने बोट पुढे करून विचारलं, "हात लावू?"

"नको," यित्का म्हणाली. "वाढतायत ती. आपण नंतर येऊ."

आणि मागे वळूनसुद्धा न बघता ती लेकीचा हात धरून उतार उतरून गेली.